मोबाइलसाठी टर्न-बेस्ड फँटसी स्ट्रॅटेजी गेम कसा निवडायचा

प्ले स्टोअरवर 'फँटसी स्ट्रॅटेजी' असं शोधलं की ड्रॅगन, जळता किल्ला आणि तोंड फाडून ओरडणारा दाढीवाला योद्धा अशी चित्रं रांगेने समोर येतात. त्यातले बरेचसे गेम टर्न-बेस्ड नसतातच. इमारत बांधायला लावा, आठ तास थांबा, थांबायचं नसेल तर हिरे (पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन) मोजा, असा तो कारभार असतो. खरोखर पाळीपाळीने खेळायचे गेम त्या गर्दीत असतात, पण ते चित्रावरून ओळखू येत नाहीत.

म्हणून चित्रं, कथा आणि रेटिंग नंतर पाहावं. आधी दोन गोष्टी तपासाव्यात. आपली पाळी आली की खरा निर्णय घ्यावा लागतो का? आणि तो निर्णय चुकला तर पैसे टाकून चूक पुसता येते का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तर गेम घेण्यासारखा आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही दोन उत्तरं काढण्यासाठीच आहेत.

पायरी १ : आपला वेळ आणि आपला हात

दिवसात गेमसाठी सलग किती मिनिटं मिळतात ते प्रामाणिकपणे लिहून काढा. लोकलमध्ये उभ्याने वीस मिनिटं मिळत असतील आणि एक हात दांड्याला असेल, तर फोन उभा धरून अंगठ्याने खेळता येणारा गेमच टिकेल. आडव्या स्क्रीनचा, दोन्ही हात मागणारा गेम कितीही उत्तम असला तरी चार दिवसांत बाजूला पडतो. रात्री घरी तासभर निवांत मिळत असेल तर निवड पूर्ण बदलते.

इथे गेमची 'एकूण लांबी' पाहू नका, मधेच किती सहज थांबता येतं ते पाहा. पॉलिटोपिया या टोळी घेऊन राज्य वाढवण्याच्या गेमचा 'परफेक्शन' डाव ३० टर्नमध्ये संपतो आणि कोणत्याही टर्नला फोन खिशात घालता येतो. हॉप्लाइटमध्ये तर पटच एका नजरेत मावतो. फायनल फँटसी टॅक्टिक्समधली एक लढाई अर्ध्या तासाच्या घरात जाते, आणि तेवढा वेळ डोक्यात सगळ्यांच्या जागा ठेवाव्या लागतात.

पायरी २ : स्क्रीनचं गणित

या भागाकडे फार लोक दुर्लक्ष करतात, आणि गेम काढून टाकण्याचं खरं कारण बहुतेकदा इथेच असतं. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक नियमांत बोटाने दाबायच्या जागेचा आकार सुमारे ९ मिमी धरलेला आहे. सराव झालेला खेळाडू ७ मिमीवर बिनचूक बोट ठेवतो. ५ मिमीवर चुका सुरू होतात.

६.५ इंची, २०:९ प्रमाणाचा फोन आडवा धरला तर पट्टी लावून तो अंदाजे १५ सेंमी रुंद आणि ६.८ सेंमी उंच भरतो. म्हणजे ७ मिमीची घरं धरली तर आडवी एकवीस आणि उभी नऊ मावतात. यापेक्षा मोठा पट असेल तर सरकवणं आणि झूम करणं आलंच.

हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ (१९९९) घ्या. त्याचं रणांगण १५ बाय ११ षट्कोनी घरांचं आणि मूळ चित्र ८०० बाय ६०० पिक्सेलचं. ते ६.८ सेंमी उंचीत बसवलं की रुंदी ९ सेंमीच्या आसपास येते आणि एक घर साधारण ५ मिमीचं होतं. तिरंदाजाला मारायला जाता जाता शेजारच्या रिकाम्या घरात आपला घोडेस्वार उभा राहतो, तो याच कारणाने. हा गेम टॅब्लेटवरच खेळावा, हे मत त्या ५ मिमीवरून बनलेलं आहे.

ज्या गेममध्ये 'आधी दाबा, मग पक्कं करा' अशी दोन टप्प्यांची चाल किंवा चाल मागे घेण्याची सोय असते, तिथे लहान घरंही चालवून घेता येतात. ही सोय आहे का, ते व्हिडिओत दिसतं. यूट्यूबवर कोणाचंही फोनवरचं दहा मिनिटांचं खेळणं आवाज बंद करून पाहा आणि फक्त बोट कुठे पडतं तेवढंच बघा. जाहिरातीचा व्हिडिओ या कामाला निरुपयोगी आहे.

पायरी ३ : स्टोअरचं पान वाचणं

गेमच्या नावाखालची बारीक ओळ आधी वाचा: 'जाहिराती आहेत', 'अ‍ॅपमधील खरेदी'. मग 'या गेमबद्दल' उघडून तळाशी जा. तिथे एका वस्तूच्या किमतीचा पल्ला दिलेला असतो. वरचं टोक दोनशे-तीनशे रुपयांवर थांबत असेल तर बहुधा नवे देश, नव्या टोळ्या किंवा जाहिराती बंद करण्याची खरेदी असते. ते टोक आठ-दहा हजारांवर गेलं असेल तर त्या गेमचा पगार कोण भरतं ते समजून घ्या. दहा हजारांचा नकाशा कोणी विकत नाही. त्या किमतीला हिऱ्यांच्या पेट्या विकल्या जातात.

शेवटच्या अपडेटची तारीख पाहा. जुने, चांगले, एकदाच पैसे घेणारे गेम याच कारणाने हातातून निसटतात. आयओएस ११ ने २०१७ मध्ये ३२-बिट (जुन्या बांधणीची) अ‍ॅप चालवणं बंद केलं आणि कितीतरी विकत घेतलेले गेम एका अपडेटमध्ये गेले. अँड्रॉइड १४ पासून फार जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली अ‍ॅप बसवूच देत नाहीत. सहा वर्षांत हात न लागलेला गेम आज चालत असला तरी पुढच्या फोनवर चालेल असं धरू नका.

रिव्ह्यू वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा, तीन तारेवाले वाचा. गेम आवडला आणि तरी काहीतरी खुपलं, असा माणूस नेमकं लिहितो: "चौदाव्या लढाईनंतर पातळी वाढवल्याशिवाय पुढे जाता येत नाही", "शत्रूची पाळी संपायला मिनिट लागतं". उलट "गेम चिटिंग करतो, ६० टक्के दाखवतो आणि तिन्ही वार चुकतात" ही तक्रार मनावर घेऊ नका. ६० टक्क्यांचे तीनही वार चुकण्याची शक्यता ०.४ × ०.४ × ०.४, म्हणजे ६.४ टक्के. साधारण सोळा हल्ल्यांत एकदा हे व्हायचंच.

पायरी ४ : पैसे कुठून जातात

एकरकमी विकत घ्यायचा गेम सर्वात सरळ. मोफत सुरुवात आणि पुढचा भाग विकत, हाही प्रामाणिक व्यवहार. पॉलिटोपियात चार टोळ्या (शिन-शी, इम्पेरियस, बार्दुर, ओउमाजी) मोफत मिळतात, बाकीच्या एकेक विकत घ्यायच्या. घेतलेली टोळी कायमची आपली, तिचं काही संपत नाही.

जपायचं ते तिसऱ्या मार्गापासून. तिथे एकीकडे ऊर्जा असते आणि दुसरीकडे गाचा, म्हणजे पैसे टाकून नशिबाने योद्धा काढणं. ऊर्जेचं गणित सोपं आहे. दर ५ मिनिटांना १ ऊर्जा भरत असेल आणि एका लढाईला १० लागत असतील, तर एका लढाईची किंमत ५० मिनिटं. पहिल्या आठवड्यात पातळी वाढली की ऊर्जा फुकट भरते, त्यामुळे हे जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पातळ्या मंदावतात आणि भिंत लागते. म्हणून असा गेम पहिल्या आठवड्याच्या अनुभवावरून कधीही ठरवू नये.

गाचाचे दर जाहीर करणं अ‍ॅपल आणि गूगल दोघांच्याही नियमांनुसार सक्तीचं आहे. ते दर सोडतीच्या पडद्यावरच 'तपशील' किंवा छोट्या आय-च्या खुणेखाली सापडतात. एखादा योद्धा १ टक्का दराने निघत असेल तर 'शंभर वेळा काढला की मिळणारच' असं वाटतं. प्रत्यक्षात शंभर सोडतींनंतरही शंभरातल्या सदतीस खेळाडूंच्या हाती तो लागलेला नसतो (०.९९ चा शंभरावा घात म्हणजे ०.३६६). दर ३ टक्के आणि सोडती ३३, तरी आकडा तोच. म्हणून हिशेब सरासरीचा करू नका, खात्रीचा करा: इतक्या सोडतींनंतर नक्की मिळेल अशी मर्यादा गेमने दिली असेल तर तितक्या सोडती गुणिले एका सोडतीचे रुपये. ती रक्कम कागदावर लिहा. मर्यादाच दिलेली नसेल तर त्या योद्ध्यासाठी रुपयाही टाकू नका.

फायर एम्ब्लेम हीरोज (२०१७) हा या जातीतला सर्वात नीट बांधलेला गेम. पट ६ बाय ८, आपले चार योद्धे, फोन उभा, एक लढाई दोन-तीन मिनिटांची. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. इतक्या लहान पटावर इतका विचार करायला लावणं सोपं नाही. पण पैशाची रचना गाचाचीच आहे, आणि इंटरनेटशिवाय तो उघडत नाही. मोफत मिळतं तेवढ्यातच खेळायचं असं आधीच ठरवलं असेल तर घ्या.

घरात लहान मूल तोच फोन वापरत असेल तर गेम बसवण्याआधी प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा सक्तीचा करा. आयफोनवर 'स्क्रीन टाइम'मधल्या निर्बंधांत अ‍ॅपमधील खरेदी पूर्ण बंद करता येते. आधी गेम आणि मग सेटिंग, असा क्रम ठेवला की सेटिंग राहूनच जातं.

पायरी ५ : वीस खेळ्यांची कसोटी

शिकवणीचा भाग संपला की कागद-पेन घ्या आणि सलग वीस खेळ्या मोजा. प्रत्येक खेळीला विचारा: माझ्यासमोर निदान दोन शहाणे पर्याय होते का? असतील तर खूण करा. सगळ्यात बलवान योद्धा उचलून जवळच्या शत्रूवर नेणं हीच दरवेळी योग्य चाल ठरत असेल तर खूण नाही. वीसपैकी आठापेक्षा कमी खुणा झाल्या तर गेम तुम्हाला खेळवत नाही, फक्त बोट हलवायला लावतो. 'ऑटो' बटण दाबूनही लढाई तशीच जिंकली जात असेल, तर निकाल लागला.

भरपूर खुणा देणारा गेम कसा असतो ते बॅटल फॉर वेसनॉथमध्ये स्वच्छ दिसतं. हा मुक्तस्रोत गेम २००३ पासून विकसित होतो आहे. त्यात सहा टर्नचा एक दिवस असतो: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसांच्या सैन्याचा घाव दिवसा २५ टक्क्यांनी वाढतो, रात्री तेवढाच घटतो. ऑर्कचं (फँटसीतल्या राक्षसी योद्ध्यांचं) बरोबर उलटं.

आकड्यांत पाहू. सैन्यात घ्यायला १४ सोनं लागणारा आपला स्पिअरमन (भालेकरी माणूस) ७ च्या जोराने तीन वार करतो. १२ सोन्यांचा ऑर्किश ग्रंट (ऑर्कचा साधा शिपाई) ९ च्या जोराने दोन. दोघंही मोकळ्या गवतावर असतील तर प्रत्येक वार लागण्याची शक्यता ६० टक्के. दिवसा स्पिअरमनचा वार ९ चा होतो आणि ग्रंटचा ७ चा. म्हणजे सरासरीने आपण १६ देतो आणि ८ घेतो. रात्री स्पिअरमन ५ वर येतो, ग्रंट ११ वर; आता आपण ९ देतो आणि १३ घेतो. तेच दोन शिपाई, तेच गवत, फक्त प्रहर बदलला.

आता स्पिअरमनला मागे घेऊन गावात उभा करा. तिथे त्याचा बचाव ६० टक्के, म्हणजे ग्रंटचा वार लागण्याची शक्यता ४०. रात्रीचा १३ चा मार ९ वर येतो, आणि पुढच्या टर्नच्या सुरुवातीला गाव ८ भरून देतं. रात्र जवळजवळ फुकटात निघते. नवखा खेळाडू दुपारी जोरात पुढे धावतो, संध्याकाळी शत्रूच्या दारात पोचतो आणि रात्रीच्या दोन प्रहरांत अर्धं सैन्य गमावतो. तो रणात हरत नाही, वेळापत्रकात हरतो. असा एकच साधा नियम जेव्हा प्रत्येक चालीला दुसरा पर्याय उभा करतो, तेव्हा वीस खेळ्यांत पंधरा खुणा सहज पडतात.

बॅनर सागा (२०१४) मध्ये ही मेख वेगळ्या जागी आहे. तिथे योद्ध्याची ताकद हेच त्याचं आयुष्य आणि हाच त्याचा घाव. जखमी माणूस कमजोरच मारतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या पाळ्या एकाआड एक येतात, कोणाकडे किती माणसं उरली याचा विचार न करता; एका बाजूला एकच योद्धा उरला की मात्र हा नियम सुटतो. शत्रूचे दोनच धडधाकट योद्धे उरले तर ते दोघं तुमच्या सहा जणांइतक्याच वेळा खेळतात. म्हणून अर्धमेल्याला लगेच संपवणं चूक ठरू शकतं. सगळ्यांना थोडं थोडं लुळं करत आणावं, कमजोर शत्रूची पाळी वाया जाऊ द्यावी. इतर गेमची सवय घेऊन आलेले इथेच फसतात.

पायरी ६ : अर्ध्या तासाची तांत्रिक तपासणी

लढाईच्या मध्यावर फोन फ्लाइट मोडवर टाका. गेम चालू राहिला तर बोगद्यात, घाटात, गावी रेंज नसताना तो साथ देईल. मग अ‍ॅप अलीकडच्या यादीतून सरकवून बंद करा आणि पुन्हा उघडा. त्याच टर्नला आलात तर उत्तम. लढाईच्या सुरुवातीला टाकलं तर फोन आल्यावर दर वेळी हेच होणार.

शत्रूची पाळी घड्याळ लावून मोजा. वीस शत्रू आणि प्रत्येकाला दोन सेकंद म्हणजे प्रत्येक टर्नला चाळीस सेकंद नुसतं बघणं. वेसनॉथमध्ये वेग वाढवण्याची आणि संगणकाच्या चाली न दाखवण्याची सोय आहे. अशी सोय सेटिंग्जमध्ये नसेल तर मोठ्या नकाशांचा गेम टाळा.

अर्ध्या तासात बॅटरी किती टक्के उतरली ते पाहा. विचार करताना पट स्थिर दिसतो, तरी बरेच गेम सेकंदाला ६० वेळा तोच पट पुन्हा रंगवत बसतात. फ्रेम-रेट ३० वर आणता येत असेल तर आणा, फरक हाताला कळतो. साठवण मात्र दुसऱ्या दिवशी तपासा: स्टोअरवर दाखवलेला आकार छोटा असतो आणि बाकीचा माल गेम आत गेल्यावर उतरवतो.

कोणी काय घ्यावं

नवख्याने पॉलिटोपियापासून सुरुवात करावी. मजकूर थोडा, चिन्हं स्वच्छ, इंग्रजी फारसं लागत नाही. ११ बाय ११ चा सर्वात लहान नकाशा आणि एकच प्रतिस्पर्धी घ्या. ड्रॅगनच हवे असतील तर एलिरियन टोळी विकत घ्यावी लागते, पण दोन आठवडे मोफत टोळ्यांवर घालवल्यावरच.

नशिबाचा भाग नको असेल तर हॉप्लाइट. कोणता शत्रू कुठून मारणार हे आधीच दिसतं: तिरंदाज सरळ रेषेत मारतो, पण अगदी चिकटून उभ्या असलेल्याला मारू शकत नाही. सोळाव्या पातळीवर सोनेरी लोकर, म्हणजे गेममध्ये मिळवायची वस्तू, असते. तिथवर पोचण्यात हरलात तर चूक नेमकी कुठल्या घरावर झाली ते बोट ठेवून दाखवता येतं. बुद्धिबळ आवडणाऱ्याला हा गेम लगेच आपला वाटेल.

वेसनॉथ आयफोन-आयपॅडवर विकत मिळतो, संगणकावर मोफत आहे. अँड्रॉइडवर त्याच्या नावाने इकडून तिकडून आलेल्या फायली बसवू नका. प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा दुवाच वापरा.

हीरोज ३ साठी व्हीसीएमआय नावाचं मुक्तस्रोत इंजिन (गेम चालवणारा प्रोग्राम) आहे, पण त्यात गेमचा माल (चित्रं, नकाशे, आवाज) नसतो. जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावरून 'कम्प्लीट' आवृत्ती विकत घ्यायची, तिची ऑफलाइन इन्स्टॉलर फाइल उतरवायची आणि व्हीसीएमआयच्या लाँचरमधून ती आयात करायची. २०१५ मध्ये मोबाइलसाठी आलेल्या एचडी आवृत्तीत मूळ गेमच होता, दोन्ही विस्तार नव्हते. म्हणून ही खटपट. पहिला नकाशा 'एस', म्हणजे ३६ बाय ३६ चाच घ्या.

फायनल फँटसी टॅक्टिक्स : द वॉर ऑफ द लायन्स कथेसाठी घ्यावा, मात्र त्याचं इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाचं आहे. वाचायचा कंटाळा असेल तर अर्धी मजा जाते.

घेतल्यावर

गूगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत परतावा मागितला तर मिळण्याची शक्यता चांगली असते, म्हणून विकतचा गेम ज्या दिवशी दोन तास मोकळे असतील त्याच दिवशी घ्या आणि पायरी ५ आणि ६ मधल्या कसोट्या तेव्हाच उरका. अ‍ॅपलकडे 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' पानावरून कारणासह विनंती करावी लागते.

पहिल्याच दिवशी सेव्ह (साठवलेला डाव) कुठे राहतो ते शोधा. क्लाउड सेव्ह नसलेला गेम अनइन्स्टॉल केला की अँड्रॉइडवर त्याचा फोल्डरही सोबत जातो. फोन बदलण्याआधी गेममधूनच सेव्ह बाहेर काढता येतो का, ते पाहून ठेवा.

आणि एकाच सेव्हवर कधीही खेळू नका. फायनल फँटसी टॅक्टिक्सच्या कथेच्या तिसऱ्या अध्यायात रिओव्हेनेस किल्ल्यावर लागोपाठ लढाया आहेत. मधे सेव्ह करू देतात, पण किल्ल्याबाहेर पडून सराव करू देत नाहीत. त्यातल्या एका लढाईत नायक रामझाला सुरुवातीला एकट्याने वीग्राफ या बलाढ्य शत्रूशी लढावं लागतं. रामझा कच्चा असेल आणि तुम्ही एकमेव सेव्हवर तिथेच शिक्का मारला असेल, तर तीसेक तासांचा डाव अडकतो, सुटका नाही. किल्ल्यात शिरण्याआधी नकाशावर उभं राहून दुसऱ्या जागेत सेव्ह करा आणि किल्ल्यातून बाहेर पडेपर्यंत त्या जागेला हात लावू नका.